उचंत खाते

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी माझी भाची लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, छत्री असूनही गुडघ्यापर्यंत भिजून, आमच्या घरी आली. चार दिवस झड लागली होती. कोयनेतून पाणी सोडणार की नाही याची चर्चा गल्लीतल्या प्रत्येक कट्ट्यावर चालली होती, आणि अशा दिवसांत सांगलीत लोक एकमेकांना वेळ विचारावी तसे पुलाचे पाणी विचारतात. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषयही तोच होता. पाण्यावर आपटलेली ध्वनिलहर परत यायला किती वेळ लागतो ते मोजून पातळी सांगणारे एक छोटे यंत्र ती तयार करत होती. चपला पायरीवर निथळत ठेवून ती आत आली आणि टॉवेल हातात घेण्याआधीच म्हणाली, "मामा, माझं काय चुकलंय तेवढं सांगा. दोन दिवस झाले, सापडेना."

मी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले. कंसांत कंस अडकवलेल्या चार-पाच ओळी होत्या, त्यांत रजिस्टरांचे क्रमांक होते आणि त्याखाली, नोकरीच्या काळात मी शेकडो वेळा पाहिलेली ती ओळ होती: इंटर्नल कंपायलर एरर, इन एक्स्ट्रॅक्ट_इन्सन, ॲट रेकॉग.सी, आणि पुढे चार आकडी ओळ क्रमांक. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारे साधन, आणि ही ओळ त्याच्या स्वतःच्या आतल्या बिघाडाची. "तुझं काही चुकलेलं नाही, कंपायलर पडलाय," असे म्हणून मी तिची मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा याच्या सूचनांची फाइल, उघडली, कोड किती घासूनपुसून वेगवान करायचे ते सांगणारा ऑप्टिमायझेशनचा ओ-टू खोडून एक पायरी खालचा ओ-वन केला आणि ती बांधणी करणारे मेक पुन्हा चालवले. काम बिनबोभाट पुरे झाले, बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल. माझ्या पत्नीने भडंगाची परात मधे ठेवली. भाची काही वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे चूक त्याची होती?" मी मान डोलावली. "मग ते त्यांना कोण सांगणार?"

"सांगेल कोणीतरी," मी म्हणालो आणि भडंगातले शेंगदाणे वेचू लागलो.

त्या रात्री लाइट गेली. पंखा थांबल्यावर बाहेरच्या बेडकांचा आवाज एकदम जवळ आला आणि झोप उडाली ती उडालीच. माझे ते वाक्य खोटे नव्हते. असे बिघाड कोणी ना कोणी कळवतेच. मला सलत होते ते तिचे दोन दिवस. त्या दोन दिवसांत तिने आपले फंक्शन तीन वेळा नव्याने लिहिले होते, मैत्रिणीची लायब्ररी आणून जोडून पाहिली होती आणि यूएसबीची तारसुद्धा बदलली होती. याला कारणही होते. तो संदेश कंपायलरच्या फाइलचे नाव शेवटी सांगतो, पण सुरुवात करतो ती वापरणाऱ्याच्या फाइलपासून: तुमची अमुक फाइल, अमुक ओळ. बिघाड झाला तेव्हा कंपायलर तुमच्या प्रोग्रामच्या कोणत्या भागावर काम करत होता, एवढाच त्याचा अर्थ असतो. या जातीच्या बिघाडात तर ती ओळ बहुधा फंक्शनच्या शेवटच्या महिरपी कंसाची असते, कारण त्या टप्प्यावर कंपायलर अख्खे फंक्शन एकगठ्ठा हाताळत असतो. म्हणजे आमची पोर दोन दिवस एका बंद महिरपी कंसाकडे टक लावून बसली होती, त्यात आपले काय चुकले असेल हे शोधत. लाल अक्षरांत काही उमटले की ती आपलीच चूक, हे आपल्याकडे पहिलीच्या पाटीपासून इतके अंगात मुरलेले असते की यंत्राने 'इंटर्नल' हा शब्द स्पष्ट लिहूनही तो वाचला जात नाही.

खरे तर या संदेशाइतकी प्रांजळ कबुली देणारी यंत्रे थोडीच असतील. तिच्या बाबतीत घडले होते ते असे. कंपायलर तुमचा प्रोग्राम आधी आपल्या आतल्या भाषेत उतरवतो, तो अनेक टप्प्यांतून घासूनपुसून घेतो आणि शेवटी प्रत्येक आतल्या सूचनेसाठी त्या प्रोसेसरचा साचा शोधतो. एका टप्प्याने तयार केलेली सूचना पुढच्या टप्प्याजवळच्या कोणत्याही साच्यात बसली नाही. आपणच लिहिलेले अक्षर आपल्यालाच लागू नये, तसा हा प्रकार. अशा वेळी दोनच वाटा असतात. जवळात जवळचा साचा लावून पुढे जायचे, किंवा तिथेच थांबून 'माझ्या या फाइलच्या या ओळीवर, या फंक्शनमध्ये मी अडकलो' असे सांगायचे. तिचा कंपायलर होता जीसीसी, आणि तो दुसरी वाट धरतो. त्याच्या कोडमध्ये जागोजागी 'इथे अमुक खरे असलेच पाहिजे' अशा अटी पेरलेल्या आहेत, 'या ठिकाणी कोणी पोहोचूच शकत नाही' असे फलकही आहेत, आणि अट मोडली किंवा फलकापर्यंत कोणी पोहोचले की हाक जाते ती फॅन्सी_अबॉर्ट नावाच्या फंक्शनला. या नावाचे मला नेहमी हसू येते. साधा अबॉर्ट मुकाट्याने मरतो. हा नटवा अबॉर्ट मरण्यापूर्वी फाइल, ओळ आणि फंक्शनचे नाव सांगतो. त्यातली हुशारी अशी की कोणी आळसाने नुसते अबॉर्ट असे लिहिले, तरी एका सामाईक हेडरमधली, म्हणजे सगळ्या फाइलींत ओढून घेतल्या जाणाऱ्या फाइलमधली, व्याख्या त्याचे रूपांतर या फॅन्सी अबॉर्टमध्ये करते. आळशी माणसाच्या हातूनही पत्ता लिहून घेण्याची ती सोय आहे.

मरण्याचे शिष्टाचारही ठरलेले आहेत. बाहेरून आपण ज्याला जीसीसी म्हणून हाक मारतो तो ऊसतोडीच्या टोळीतला मुकादम असतो. कोयता चालवतो तो आतला सीसी१. साधी चूक असेल तर सीसी१ हा १ आकडा परत देऊन संपतो आणि स्वतःचा बिघाड असेल तर ४ देऊन, त्यामुळे घडले काय ते मुकादमाला आकड्यावरूनच कळते. मग तो अर्धवट तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे यंत्रभाषेतला निकाल, पुसून टाकतो. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण ती फाइल तशीच राहिली तर पुढच्या खेपेस मेक तिची ताजी वेळ पाहून 'हे काम झालेले आहे' असे समजेल आणि अर्धी कच्ची भाकरी ताटात पडेल. मेमरीतल्या भलत्या जागी पाय पडून कोसळायची वेळ आली, तर ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला तो इशारा, म्हणजे सिग्नलसुद्धा, जीसीसी मधेच झेलतो. झेलणारे फंक्शन पहिले काम करते ते त्या सिग्नलची मूळ व्यवस्था पूर्ववत करण्याचे, म्हणजे शेवटचे शब्द बोलताना पुन्हा तोल गेला तर निदान त्याच फेऱ्यात अडकून पडू नये. आणि बिघाड कळवणाऱ्या यंत्रणेतच बिघाड झाला तर त्यासाठीही एक वेगळे वाक्य तयार ठेवलेले आहे: चूक सांगणाऱ्या फंक्शनांत पुन्हा प्रवेश झाला. हे वाक्य मी प्रत्यक्ष पडद्यावर एकदाच पाहिले आणि स्मशानात कीर्तनकारालाच घेरी यावी तसे वाटले.

माझी स्वतःची पहिली गाठ यापेक्षा गावठी होती. नव्वदीच्या अखेरीस, सांगलीतच कॉलेजात असताना, प्रयोगशाळेतल्या एका जुन्या यंत्रावर आम्ही चार मुले लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कंपाइल करायला लावत असू. त्याला तासन्‌तास लागत. पत्र्याखालच्या त्या खोलीत एप्रिलच्या उन्हात यंत्राच्या पाठीमागून निघणारी गरम हवा आणि जळक्या धुळीचा वास अजून नाकात आहे. मधेच 'सिग्नल ११', म्हणजे मेमरीत भलत्या जागी पाय पडल्याचा तोच इशारा, उमटून सगळे थांबे. आम्ही सोर्स पुन्हा उतरवून घेतला, सीडी बदलली, सरांना विचारले. सर म्हणाले, "तुमचंच काहीतरी चुकत असणार." प्रयोगशाळेतले सहायक मात्र दारातून चहाचा कप घेऊन आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दर वेळी त्याच फाइलवर थांबतंय का वेगवेगळ्या?" वेगवेगळ्या, आम्ही म्हणालो. त्यांनी कप खिडकीत ठेवला, यंत्राचे झाकण उघडले, मेमरीची पट्टी उपसली, खिशातल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारून ती परत बसवली आणि कप उचलून निघून गेले. त्या रात्री कर्नल शेवटपर्यंत गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी जीसीसीच्या मुकादमाचे कोड वाचत होतो तेव्हा त्यात त्यांचाच प्रश्न लिहिलेला सापडला. बिघाडाचा अहवाल तयार करण्याचा पर्याय दिला असेल तर मुकादम तेच काम पुन्हा करवून घेतो आणि निकाल ताडून पाहतो. निकाल सारखा आला नाही तर तो सांगतो की हा बिघाड पुन्हा घडवता येत नाही, तेव्हा दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असण्याची शक्यता आहे. खोडरबराचा उल्लेख तेवढा नाही. मेमरी अपुरी पडून कर्नलनेच सीसी१ला ठार केले, तर जुन्या आवृत्त्या तोही आपलाच अंतर्गत बिघाड म्हणून जाहीर करत. नव्या आवृत्त्यांनी ती भाषा सुधारली आणि अमुक सिग्नलने प्रोग्राम संपवला असे त्या नेमके सांगतात. आपल्या अंगावर आलेले सगळेच आपले नसते, एवढे भान या अहवालांना हळूहळू येत गेले आहे. याच्या उलट्या टोकाचे एक वाक्यही जीसीसीमध्ये आहे. तुमच्या प्रोग्रामात आधीच चुका सापडलेल्या असतील आणि त्यानंतर कंपायलर स्वतः अडखळला, तर वितरित आवृत्ती अंतर्गत बिघाडाचे नाव काढत नाही. 'आधीच्या चुकांनी गोंधळलो, बाहेर पडतो' अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटून निघून जाते. विकसकांच्या स्वतःच्या बांधणीत मात्र ही सवलत नसते. व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे, कारण आपल्या चुका दुरुस्त केल्या की तो अडखळाही बहुधा नाहीसा होतो. तरीही ते वाक्य वाचताना मला दर वेळी थोडे ओशाळल्यासारखे होते, आपल्याच घरातल्या कोणाची सबब चारचौघांत ऐकावी तसे.

अण्णांकडे अशी सबब नव्हती. माझे वडील मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्यांच्या हंगामात ते रात्री घरी येत तेव्हा सदऱ्याच्या शिवणीत हळदीची पूड असे, नखे पिवळी असत, आणि त्यांनी हात लावलेल्या कागदाचा कोपरासुद्धा पिवळा होई. दिवसाची कीर्द मिळाल्याशिवाय ते उठत नसत. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो आणि मेळात अठरा रुपयांचा फरक येत होता. बाहेर हमाल शेवटची पोती थप्पीला लावत होते, मालकांना घरी जायची घाई होती. ते म्हणाले, "टाका उचंतात आणि जावा घरी." उचंत खाते म्हणजे ज्या रकमेचे घर अजून कळलेले नाही ती रक्कम तात्पुरती ठेवायची जागा. अण्णांनी मान डोलावली, पण वही मिटली नाही. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "अठराला नऊनं भाग जातोय. आकडे उलटलेत कुठंतरी." हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा आहे. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की येणाऱ्या फरकाला नऊने नेहमी भाग जातो. त्यांनी दिवसभराच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि बाविसाव्या की तेविसाव्या पट्टीत १२६४चे १२४६ झालेले सापडले.

दर वेळी सापडत नसे. तेव्हा तेही रक्कम उचंत खात्यातच टाकत. मात्र कीर्दीच्या समासात लाल शाईने लिहीत: फरक किती, मेळ कोणत्या पट्टीपर्यंत लागला होता आणि कोणत्या पट्ट्या तपासून झाल्या. खाली तारीख घालत. मालकांना ती लाल शाई आवडत नसे. बाहेरच्या माणसाने वही पाहिली तर काय म्हणेल, असे त्यांचे म्हणणे. अण्णा त्यावर काही बोलत नसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दौत उघडत. आम्हा भावंडांपैकी कोणी काहीही लिहून दाखवायला नेले, अगदी सहलीचा निबंध असला, तरी त्यांचा पहिला प्रश्न असे, "तारीख टाकलीस का?"

मी पुण्यात एका कंपनीच्या टूलचेन गटात आठ वर्षे काम केले. एका प्रोसेसरसाठी कंपायलर सांभाळणे हे आमचे काम होते. एका वर्षी आवृत्ती बाहेर पडायला चार दिवस उरले असताना माझ्या भागातली एक अट एका ग्राहकाच्या कोडवर मोडू लागली. अट अशी होती की या टप्प्यावर येणारी संख्या ठरावीक मर्यादेतच असली पाहिजे. ती मर्यादेबाहेर कशी आली हे शोधायला वेळ नव्हता, निदान मी तशी समजूत करून घेतली. मी ती अट काढली आणि तिच्या जागी मर्यादेबाहेरची संख्या आली तर गुपचूप परत फिरण्याची एक ओळ लिहिली. चाचण्या हिरव्या झाल्या, आवृत्ती गेली, आम्ही रात्री जंगली महाराज रस्त्यावर जेवायला गेलो. मी त्या ओळीवर टीप लिहिली नाही. अण्णांच्या भाषेत सांगायचे तर रक्कम उचंतात टाकली आणि शाईची बाटली उघडलीच नाही.

जवळजवळ दोन महिन्यांनी त्या ग्राहकाकडून पत्र आले की त्यांचे एक मोजमापाचे उपकरण क्वचित, फार क्वचित, चुकीचा आकडा दाखवते. मला त्या पत्रातली एकच गोष्ट आज शब्दशः नसली तरी नीट आठवते. तिकडच्या इंजिनियरने लिहिले होते की गेले पाच आठवडे मी माझ्या कोडमध्ये चूक शोधतो आहे आणि आता माझी खात्री होत चालली आहे की ती तिथे नाही. पाच आठवडे. माझ्या भाचीला निदान 'इंटर्नल' हा शब्द तरी मिळाला होता, त्याला तोही नाही. आम्हा दोघांना माग काढायला अकरा दिवस लागले आणि माग जिथे संपला त्या ओळीच्या इतिहासात माझे नाव होते. बैठकीत मी म्हणालो, "एका जुन्या बदलामुळे हे झालेलं दिसतंय." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि त्यात कर्ता कुठेही नाही. अट मी त्याच दुपारी परत घातली. कर्ता मात्र आजतागायत घातला नव्हता.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचा एक प्रोग्राम तयार केला होता. तो यादृच्छिक पण नियमात बसणारे सी भाषेतले प्रोग्राम लिहितो आणि ते कंपायलरांना खाऊ घालतो. २०११ साली त्यांनी मांडलेल्या निबंधात सव्वातीनशेहून अधिक आधी माहीत नसलेल्या बिघाडांची नोंद होती, आणि त्यांनी तपासलेला एकूण एक कंपायलर कधी ना कधी कोसळला होता, तसाच कधी ना कधी काहीही न बोलता चुकीचे कोडही देऊन गेला होता. या दोन यादींपैकी लोक हसतात ती कोसळण्याच्या यादीला. मला दुसरीची भीती वाटते, कारण त्या यादीत माझी एक ओळ आहे. अटी ठेवायच्या की काढायच्या हा वादही यातूनच येतो. जीसीसीच्या वितरित आवृत्तीत स्वस्तातल्या अटी शाबूत ठेवलेल्या असतात, फक्त महागड्या तपासण्या विकसकांपुरत्या असतात. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचाच्या वितरित बांधणीत मात्र 'इथे कोणी पोहोचू शकत नाही' हा फलक सहसा फलक राहत नाही, तो ऑप्टिमायझरला दिलेली हमी बनतो. तिथे कोणी पोहोचलेच तर पुढे काय होईल याचा भरवसा नाही. वेग मिळतो, हे मला कळते. मी फक्त कोणत्या बाजूला उभा आहे ते आता मला ठाऊक आहे.

आणि त्या अंधारात, बेडकांचे ऐकत पडलेलो असताना, मला रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमधली एक युक्ती आठवली. तिथे एखाद्या भागाला काहीतरी बिघडलेले दिसते, पण त्याची तक्रार दुसरा कोणता तरी भाग अधिक नीट शब्दांत करील असे त्याला वाटते. तेव्हा तो स्वतः बोलत नाही, नोंद करून ठेवतो आणि पुढे जातो. अगदी शेवटी कंपायलर ती नोंद उघडून पाहतो: केली का कोणी तक्रार? केली असेल तर नोंद फाडून टाकायची. कोणीच केली नसेल तर तो स्वतःच्या अंतर्गत बिघाडाची घोषणा करून थांबतो. 'सांगेल कोणीतरी' म्हणायला तिथेही परवानगी आहे, पण कोणी सांगितले की नाही हे पाहिल्याशिवाय दुकान बंद करता येत नाही.

रविवारी सकाळी मी विश्रामबागेत बहिणीकडे गेलो आणि भाचीला म्हणालो, "ते ओ-वन काढ. पुन्हा पाडू त्याला." तिला आधी ते पटेना, चालते यंत्र कोण बिघडवतो? मग आम्ही बसलो. अहवाल पाठवायचा तर पडद्याचा फोटो काही कामाचा नसतो. कंपायलरची नेमकी आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलेला, दिलेली सगळी आज्ञा, आणि सगळी हेडरे आत ओतून तयार झालेली फाइल एवढे लागते, म्हणजे समोरच्याला आपल्या घरात न येता तोच बिघाड त्याच्या घरी घडवता येतो. सेव्ह-टेम्प्स हा पर्याय देऊन ती फाइल काढली तर तिच्या दोनशे ओळींच्या चौदा हजार झाल्या होत्या. एवढा भारा कोणी वाचत नाही. तो छाटावा लागतो. मी म्हणालो, आधी हाताने कर. ती एकेक फंक्शन उडवू लागली आणि दर वेळी कंपायलर अजून पडतो आहे ना हे पाहू लागली. ज्याच्या नावाने दोन दिवस रडली, तेच आता घडले की तिचा चेहरा उजळे. "अजून पडतंय!" ती ओरडली. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "पडतंय तर एवढा आनंद कसला?"

हाताने शे-दीडशे ओळींपर्यंत आल्यावर मी तिला सी-रिड्यूस लावून दिले. फाइल 'अजून कामाची आहे का' हे ठरवणारी एक छोटी स्क्रिप्ट आपण लिहायची, मग ते यंत्र हजारो तऱ्हांनी छाटत राहते आणि स्क्रिप्ट हो म्हणेल तेवढेच ठेवते. तिने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नुसते 'इंटर्नल कंपायलर एरर' हे शब्द शोधले होते. दहा मिनिटांत तीन ओळी उरल्या. ती खूश झाली, मी संदेश वाचला. तो बिघाड दुसराच होता. छाटता छाटता यंत्र एका खड्ड्यातून शेजारच्या खड्ड्यात घसरले होते. तेव्हा स्क्रिप्टमध्ये एक्स्ट्रॅक्ट_इन्सन हे नावही घातले आणि पुन्हा सुरुवात केली. जेवण होईपर्यंत अकरा ओळी राहिल्या. तिच्या मूळ प्रोग्रामात पाणी, फूट, इशारा, धोका अशी मराठी नावे होती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे इशारा पातळीचे ४० आणि धोका पातळीचे ४५ हे आकडे होते. आता नुसते ए, बी आणि सी उरले होते, दोन्ही आकड्यांच्या जागी शून्य होते. "पूलच गेला की मामा," ती म्हणाली, आणि तिला ते खरोखर थोडे लागले.

मग मी करायला हवे होते ते सर्वांत आधीचे काम सर्वांत शेवटी केले. त्या अकरा ओळी जीसीसीच्या नव्या आवृत्तीवर चालवल्या. काहीच झाले नाही. मुकाट्याने ऑब्जेक्ट फाइल तयार झाली. तिच्या बोर्डाबरोबर आलेल्या संचातला कंपायलर जुना होता आणि बिघाड दरम्यान दुरुस्त झाला होता. जीसीसीच्या बगझिलात, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, शोधल्यावर त्याच फंक्शनचे नाव असलेली, तशाच घडणीची एक जुनी नोंद सापडली. तिच्यावर 'आइस-ऑन-व्हॅलिड-कोड' असा शिक्का होता, म्हणजे वापरणाऱ्याचे कोड बरोबर होते आणि पडला तो कंपायलरच. नोंदीला जोडलेल्या फाइलमध्येही ए, बी आणि सी होते. त्या माणसाचा मूळ प्रोग्राम काय होता, तो पंप चालवत होता की घड्याळ, कोणत्या गावातल्या पावसात बसून त्याने हे छाटले, यातले काहीच त्या ओळींत उरले नव्हते. दुरुस्तीबरोबर ती फाइल चाचण्यांच्या संग्रहात गेली होती, आणि आता जीसीसीत कोणीही बदल करून त्या चाचण्या चालवतो तेव्हा त्या अनोळखी माणसाचे ए, बी, सी एकदा तपासून घेतले जातात.

"म्हणजे आपला दिवस फुकट," भाची म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तिचे तिनेच ठरवले की हा संच जे वाटतात त्यांना तरी कळवायचे. तिने इंग्रजीत सहा ओळींचे पत्र लिहिले: आवृत्ती, आज्ञा, अकरा ओळी जोडल्या आहेत, नव्या कंपायलरवर हे होत नाही. लगेच यंत्राने पाठवलेली पोच आली, त्यापुढे अजून काही आलेले नाही. मग तिने मेकफाइल उघडून ओ-वन परत घातला. मी काही बोलण्यापूर्वी त्याच्यावरच्या ओळीत ती मराठीत टीप लिहू लागली: ओ-टूवर हा कंपायलर पडतो, पुरावा याच फोल्डरात आहे, नवा संच आला की ही ओळ काढणे.

"तारीख टाकलीस का?" मी विचारले.

तिने तारीख टाकली. मग खिडकीबाहेर पाहिले, फोनवर काहीतरी तपासले आणि तारखेपुढे स्वल्पविराम देऊन लिहिले: आयर्विन, ३१ फूट.